लाल काच

“रंगीतच काढायचा,” तात्या नलवडे म्हणाले आणि त्यांनी फिल्मची डबी माझ्या मांडीवर टाकली. हातात दिली नाही, टाकली. “मुंबैवरनं मागवलीया. तुज्याच कॅमेऱ्याच्या मापाची हाय. साडूनं दुकानात इचारून घेतलीया.”

मी डबी उलटसुलट करून पाहिली. फिल्म चांगली होती, मुदतही संपली नव्हती. भांडायला तेवढं एक कारण कमी झालं.

“काढते की रंगीत,” मी म्हणाले. “पण ही फिल्म मिरजेत धुता येत नाही, मुंबईला पाठवावी लागेल. तुमची एकसष्टी पुढच्या रविवारी. तोवर फोटो आला तर आला. आणि तुम्हाला बसायचंय पानमळ्याच्या तोंडाशी. पानांतून येणारा उजेड हिरवा असतो. आपल्या डोळ्यांना तो कळत नाही, रंगीत फिल्मला कळतो. सगळ्यांची तोंडं हिरवट येतील. पाहुणे विचारतील, घरात कसली साथ आली होती म्हणून.”

“मग उनात बसू.”

“उन्हात बसलात तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतील.”

“म्हंजी आमी बसायचंच न्हाई काय कुटं?” तात्यांचा थोरला मुलगा बळवंत मध्येच बोलला. “फोटो काडायला आलीयास का खोट काडायला?”

“बसा की. मळ्याच्या बाहेर, कडेला, आभाळाकडं तोंड करून बसा. आणि काळापांढरा काढा. काळ्यापांढऱ्या फिल्मला हिरवा उजेड बाधत नाही. ती मी घरीच धुते, रविवारी फ्रेम करून आणून देते.”

“काळापांढरा!” तात्यांनी तोंड वाकडं केलं. “येवडं लुगडी-शालू नेसून काळापांढरा?”

एकोणऐंशी सालचा ऑक्टोबर होता तो. मिरजेतला वडिलांचा फोटो स्टुडिओ तेव्हा मी चालवत होते, कारण वडिलांची नजर गेली होती. लग्न मी केलं नव्हतं आणि करणारही नव्हते. मिरजेच्या पूर्वेला पानमळ्यांची गावं आहेत, त्यातल्या एका गावात माझी धाकटी बहीण शालन दिली होती, या नलवड्यांच्या घरात. तिचा नवरा जयसिंग आदल्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. तो असेपर्यंत या घरात मला जेवल्याशिवाय उठू देत नसत. त्या दिवशी पाण्याचा तांब्यासुद्धा शालननेच आणून ठेवला, आणि ती लगेच आत गेली.

तिच्या अंगावर बिनकाठाचं पांढरं पातळ होतं. कपाळ मोकळं. जयसिंगच्या दहाव्याला ते कुंकू तिच्या सासूने, आक्कांनी, स्वतःच्या अंगठ्याने पुसलं होतं. मी तिथे उभी होते. अंगठा एकदा फिरवून भागलं असतं, आक्कांनी दोनदा फिरवला.

त्या आक्का बाहेरच्या सोप्यातल्या खांबाला टेकून आमचं भांडण ऐकत होत्या. डाळिंबी इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी मला विचारलं, “रतन, काळ्यापांढऱ्यात कुंकू कसं दिसतं गं?”

“काळं दिसतं.”

“आन काजळाची टिकली?”

“तीही काळीच.”

“दोनीत फरक कळत न्हाई?”

“कुणालाच कळत नाही.”

आक्का नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “काळापांढराच काडू द्या.”

“का आता?”

“का म्हंजी? एकसष्टीचा फोटो सोप्यात लागणार. धाकटी सून फोटोत न्हाई म्हटल्यावर पाव्हणं नावं ठिवतील, पोरगा गेला तशी सून बी हाकलली म्हणून. आन ती रंगीत फोटोत बसली तर दोन कुंकवात एक कपाळ भुंडं. सणाच्या दिवसाला असलं कोण बगत बसंल? काळ्यापांढऱ्यात तिला काजळाची टिकली लावली की झालं. कुणाच्या बापाला कळतंय?”

फिल्म कोणती घालायची याचा निकाल असा लागला. आक्कांनीच लावला. मी तात्यांची रंगीत डबी त्यांच्या शेजारी ठेवली आणि माझी पेटी उघडली.

तेवढ्यात थोरली जाऊ कमळ बाहेर आली. कुंकवाच्या रंगाचा शालू, हातभर हिरव्या बांगड्या, आणि कडेवर शालनची चार वर्षांची रंजना. रंजनाला नवीन झगा घातला होता, केसांना रिबिनी. मी हात पुढे केले तर कमळने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“झोप झाली न्हाई तिची,” ती म्हणाली. “माज्याकडंच झोपती आता ती.”

“आईकडे का नाही?”

कमळने पोरीचा झगा सारखा केला. तिच्या लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. उत्तर आक्कांनी दिलं.

“तुला सांगायचंच हुतं. एकसष्टीला चार पाव्हण्यांदेखत रंजीला कमळच्या वटीत घालायचीया. फोटोत बी ती कमळच्याच मांडीवर बसंल. मग शालनला तू मिरजंला घिऊन जा. हितं बसून तरी काय करणार हाय ती? तुला बी सोबत हुईल.”

“आणि रंजना?”

“रंजी नलवड्याची हाय. ती कशाला जाईल?”

“शालनला विचारलंत?”

“तिला काय इचारायचं?” आक्का हसल्या. “आन तू नगं मधी पडूस. तुज्या कपाळाला कदी कुंकू लागलं न्हाई. सवाशिणीच्या मांडीवर पोर असणं म्हंजी काय, ते तुला न्हाई कळायचं.”

पेटी बंद करावी आणि एस.टी.चा रस्ता धरावा असं फार वाटलं. पण मी गेले असते तर फोटो गावातल्या दुसऱ्या कुणी काढला असता, आणि शालन त्या घरात एकटी राहिली असती. आतल्या दाराच्या चौकटीत तिचा पांढरा पदर दिसत होता. ती सगळं ऐकत होती.

मी फिल्म निवडायला बसले. माझ्याकडे दोन जातीच्या काळ्यापांढऱ्या फिल्म होत्या. एक संथ, उजेड भरपूर मागणारी, पण तिच्यावरून कितीही मोठा फोटो केला तरी साय धरल्यासारखा मऊ येतो. उघड्यावरच्या कुटुंबाच्या फोटोला कुणीही तीच घेईल. दुसरी वेगाची, थोड्या उजेडात भागवणारी, जरा भरड. मी आधी संथ फिल्म हातात घेतली, तिचं वेष्टनही फाडलं. मग ती परत ठेवली आणि वेगाची काढली.

“ती का ठिवली?” बळवंत माझ्या हातांवर नजर ठेवून होता.

“आज आभाळात ढग चांगले आहेत. ते फोटोत यायचे तर पुढे लाल काच लावावी लागते. लाल काच उजेड खाते. म्हणून ही.”

“ढग कशाला पायजेत?”

“तुमच्या वडिलांचा एकसष्टीचा फोटो आहे. मागे आभाळ पांढरंफटक आलं तर चालेल का?”

तात्यांना ते पटलं. “येऊ दे की ढग,” ते म्हणाले.

वडिलांनी मला तीन काचा दिल्या होत्या, पिवळी, हिरवी आणि लाल. झाडंझुडपं, देवळं, नदी, काहीही काढ म्हणायचे, लाल काच लाव, आभाळ बोलायला लागतं. फक्त एक बजावलं होतं. समोर बायका असतील तर लाल काच पेटीतच राहू द्यायची.

पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. आम्ही सगळ्यांनी बांधावर चपला काढल्या. शेवरीच्या झाडांवर पानांचे वेल चढलेले, आत थंडगार अंधार, आणि बाहेर कोरडं लख्ख ऊन. मी मळ्याच्या तोंडापासून थोडं दूर, जिथे सावली संपते तिथे बाकडं ठेवायला सांगितलं. मध्ये तात्या, त्यांच्या उजव्या हाताला आक्का, डाव्या हाताला कमळ. तिच्या मांडीवर रंजना. मागे बळवंत आणि तात्यांची विधुर भाऊबंद मंडळी दोन. शालनला आक्कांनी बळवंतच्या मागे, अगदी कडेला उभी केली.

आक्का काजळाची डबी घेऊनच आल्या होत्या. त्यांनी करंगळीवर काजळ घेतलं आणि शालनपुढे हात केला.

“वाक जरा.”

शालन वाकली नाही. “नको, आत्याबाई.”

“नको म्हंजी? फोटोपुरतं हाय. घरात गेलीस की धुऊन टाक.”

“तुमीच पुसलं,” शालन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “सगळ्या गावादेखत पुसलं. आता पाव्हण्यांसाठी काजळाचं लावून घिऊ? ते खरं हुतं. हे मी लावणार न्हाई.”

“बगा,” आक्का सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, “नवरा खाऊन बी मिजास गेली न्हाई.”

कमळ रंजनाची रिबीन नीट करत होती. मी तिला म्हणाले, “तुम्ही तरी सांगा काही.”

“ताई, तुमी फोटो काडायला आलायसा,” कमळ मान वर न करता म्हणाली. “तेवडा काडा. आमच्या घरात लक्ष घालू नगासा.”

तिचा मला त्या क्षणी आक्कांपेक्षा जास्त राग आला. आक्का म्हाताऱ्या होत्या, त्यांना तेच माहीत होतं. ही माझ्या वयाची, शालनबरोबर एका चुलीवर स्वयंपाक केलेली, आणि शालनचीच पोर मांडीवर घेऊन बसली होती.

“तर मग बाजूला हो,” आक्का शालनला म्हणाल्या. “पाव्हण्यांना सांगू, आजारी हुती.”

“शालन फोटोत नसेल तर मी काढत नाही,” मी म्हणाले आणि कॅमेऱ्याच्या तिपाईचा एक पाय दुमडला. “ठरवा तुमचं तुम्ही.”

तात्या वैतागले. नवीन धोतराच्या निऱ्या त्यांना टोचत होत्या, ऊन चढत होतं. “ऱ्हाऊ द्या तिला मागं,” ते म्हणाले. “पदर वड म्हणावं खाली कपाळावर. झालं. उगं शेंडा न्हाई बुडका न्हाई चाललंय सकाळपासनं.”

शालनने पदर भुवयांपर्यंत ओढला. आक्का बाकड्यावर बसण्याआधी माझ्याकडे आल्या.

“मला बगू दे,” त्या म्हणाल्या.

माझा कॅमेरा दोन डोळ्यांचा होता. वरच्या डोळ्यातून बघायचं, खालच्यातून फिल्मवर चित्र उमटायचं. वर झाकण उघडून खाली पाहिलं की काचेवर सगळं लहानसं आणि रंगीत दिसतं, फक्त उजवं-डावं उलटं. आक्कांनी पदर सावरत आत पाहिलं. हिरवे वेल, तात्यांचा फेटा, कमळचा लाल शालू, कपाळावरचं कुंकू. त्यांचा चेहरा खुलला.

“कुंकू झ्याक दिसतंय कमळचं,” त्या म्हणाल्या.

“दिसतंय ना?”

“आन त्ये खाली लाल काय बशिवलंस?”

“ढगांसाठी काच.”

त्या जाऊन बसल्या. मी सगळ्यांना सांगितलं, काच उजेड खाते, वेळ लागेल, म्हणेपर्यंत हलायचं नाही. फेटे नीट झाले, पदर खांद्यांवरून पुढे आले. मी एक काढला, दुसरा काढला. तिसऱ्याला रंजना कंटाळून मागे वळून बघायला लागली, आणि शालनने पोरीला नीट दिसावं म्हणून पदर मागे सारला. भुवयांवरून पार मागे, भांगापर्यंत. पोर हसली आणि पुढे वळली. मी बटण दाबलं. आक्कांना मागचं काही दिसलं नाही.

“झालं,” मी म्हणाले.

मिरजेला येऊन मी फिल्म धुतली. वडील अंधाऱ्या खोलीच्या दाराबाहेर खुर्चीवर बसत असत. दिसत नव्हतं, पण पाण्याच्या आवाजावरून काम कुठवर आलंय ते त्यांना कळे.

“आभाळ कसं आलंय?” त्यांनी विचारलं.

“छान. ढग सुटे सुटे आलेत.”

“कुठली काच?”

“लाल.”

“बायका होत्या का समोर?”

“होत्या.”

“मग गं?”

“म्हणूनच,” मी म्हणाले.

वडिलांनी एवढंच विचारलं की, शालन फोटोत आहे ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मोठा कर मग, चांगला मोठा.

रविवारी सकाळी मी फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून एस.टी.ने गेले. दारात मांडव घातला होता. आचाऱ्यांनी चुली पेटवल्या होत्या, पाहुणे अजून यायचे होते. सोप्यात भिंतीवर खिळा आधीच ठोकून ठेवलेला. ओटी भरायचं ताट तयार होतं, खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाचा करंडा. कमळ तोच शालू नेसली होती. रंजना तिच्याजवळ पाटावर बसून खोबरं खात होती. शालन आतल्या उंबऱ्यात उभी होती, तिच्या पायाशी एक पिशवी बांधून ठेवलेली. तिच्या कपड्यांची पिशवी. म्हणजे आजच माझ्याबरोबर पाठवायचं ठरलं होतं.

“दे हिकडं,” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच कागद फाडला.

फोटो झकास आला होता. मागचा पानमळा काळाकुट्ट, त्यावर काळसर आभाळ आणि पांढरे सुटे ढग. तात्यांचा फेटा, मिशी, हातावरच्या शिरासुद्धा. तात्या खूश होऊन पुढे वाकले. आक्का मात्र फोटो हातात धरून तशाच थांबल्या.

लाल काचेतून लाल रंग फिल्मला पांढरा दिसतो. कपाळाच्या कातडीत आणि कुंकवात फरक उरत नाही. आक्कांचं रुपयाएवढं कुंकू गेलं होतं. कमळचं गेलं होतं. एवढंच नाही, कमळचा लाल शालू पांढरा आला होता, आक्कांचं डाळिंबी इरकल पांढुरकं. तीन बायका होत्या त्या फोटोत, तिघींची कपाळं मोकळी, तिघींच्या अंगावर पांढरं. मागे कडेला उभी असलेली शालन त्यांच्यातली कोणती, हे अनोळखी माणसाला सांगता आलं नसतं.

आक्कांचा हात आधी स्वतःच्या कपाळाकडे गेला. बोट लावून त्यांनी बघितलं. बोटाला लाल लागलं.

“काय केलंस हे?” त्या म्हणाल्या. “रांडं, काय केलंस? माजा मालक जिता बसलाय शेजारी.”

“काही केलं नाही. काच लावली ढगांसाठी. तुम्ही बघितली होती.”

“तू मुद्दाम केलंस.”

“हो,” मी म्हणाले. “मुद्दाम केलं. पण माझ्या काचेनं तुमचं काही गेलं नाही, आक्का. फोटोतलं गेलं. कपाळावर आहे तसं आहे, आत्ताच बोट लावून बघितलंत. हिचं तुम्ही कपाळावरचं पुसलंय. आणि आता मांडीवरचंही पुसायला निघालाय.”

बळवंत माझ्या अंगावर धावून आला. तात्यांनी त्याला हाताने अडवलं, पण ते माझी बाजू घेऊन नाही. “पाव्हणं याची येळ झाली,” ते दात ओठ खात म्हणाले. “फोटो आत टाका. हिचं नंतर बगू.”

“आत कशाला?” आक्का म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात खंबीर होते. “खिळा मारलाय. फोटो हितंच लागंल. ही कोण लागून गेली आमचं कुंकू पुसनारी?” त्यांनी ताटातला करंडा ओढला, बोट ओलं करून कुंकवात बुडवलं, आणि फ्रेमच्या काचेवर स्वतःच्या कपाळाच्या जागी गोल लाल टिळा लावला. ओला, ठसठशीत. मग पुन्हा बोट बुडवलं आणि ते कमळच्या कपाळाकडे नेलं.

कमळने हात मध्ये घातला. अख्खा पंजा तिने काचेवर, स्वतःच्या तोंडावर ठेवला.

“माजं ऱ्हाऊ द्या, आत्याबाई.”

“काय?”

“फोटोतलं ऱ्हाऊ द्या तसंच. मला बगू द्या.”

ती खरंच बघत होती. पंजा बाजूला करून ती फोटोवर वाकली. तिच्या मांडीवर हसणारी रंजना, आणि वर तिचं स्वतःचं मोकळं कपाळ. बाहेर आचारी एकमेकांना हाका मारत होते.

“ही मी,” कमळ म्हणाली. मग तिने आक्कांकडे पाहिलं. “आत्याबाई, मला पोर देताय ती मी सवाशीण हाय म्हणून. उद्या ह्यांचं काय बरंवाईट झालं, तर माज्या मांडीवरनं कुणाच्या मांडीवर घालनार?”

“जीभ झडंल तुजी,” आक्का किंचाळल्या. “नवरा समोर हुबा हाय आन काय बोलतीस?”

“त्यो हुबा हाय तवर इचारतीया.” कमळ म्हणाली. “मी देवाकडं पोर मागितली. धा वर्स मागितली. पर अशी न्हाई मागितली मी.”

“कमळ, आत हो,” बळवंत म्हणाला.

ती आत गेली. जाताना तिने रंजनाला उचललं, उंबऱ्यात उभ्या असलेल्या शालनच्या हातात दिलं, आणि तिच्या पायाजवळची पिशवी उचलून तिच्या खांद्याला अडकवली. शालनकडे तिने एकदाही पाहिलं नाही. “रात्री उठती ती,” ती म्हणाली. “पाणी मागती. उशाशी ठिवत जा.” आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

मला अजूनही तिच्याविषयी माया वाटते असं म्हणता यायचं नाही. पण त्या दिवसापासून तिचा राग मला करता आला नाही.

बळवंत शालनच्या हातातून पोर घ्यायला पुढे झाला. त्याला तात्यांनी थांबवलं. बाहेर पहिली बैलगाडी येऊन लागली होती, पाहुणे उतरत होते आणि सोप्यातलं सगळंच त्यांना दिसणार होतं.

“जाऊ दे,” तात्या म्हणाले. “ज्या बाईची वटी भरायची तीच दार लावून बसली. आता कुणाच्या वटीत घालतोस? जा म्हणावं, दोगीबी जा. आन ह्यो फोटो बी घिऊन जा. ह्यो ह्या घरात नगं.”

“आन परत ह्या घराची पायरी चढायची न्हाई,” आक्का म्हणाल्या. त्यांचं ते बोट अजून लाल होतं.

“नाही चढणार,” शालन म्हणाली.

मी फ्रेम काखेत मारली. बांधावरच्या वाटेने आम्ही तिघी निघालो, आणि पाहुण्यांच्या बैलगाड्या समोरून येत होत्या. बायका पदराआडून बघत होत्या. एकीने शालनला विचारलंसुद्धा, आज सण सोडून कुठे निघालात म्हणून. शालनने रंजनाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सांगितलं, “घरी.”

नलवडे पुढे कधी आले नाहीत. कोर्टकचेरीची धमकी एकदा बळवंतने कुणाकडून तरी पाठवली, ती तिथेच राहिली. शालन माझ्याबरोबर स्टुडिओत काम शिकली. रंजना आता नाशिकला असते, तिला हे सगळं ऐकून माहीत आहे. कमळ मला पुन्हा भेटली नाही. बळवंत गेल्याचं कळलं तेव्हा शालनला जाऊन यावंसं वाटत होतं. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी परतली. कमळची कपाळपट्टी कशी होती, हे मी तिला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

तो फोटो स्टुडिओत समोरच्या भिंतीवर आहे. वडील होते तोवर ते फ्रेमवरून हात फिरवून बघत आणि एका जागी बोट थांबवत. आता फिल्मच उरली नाही, माणसं मोबाईल घेऊन आत येतात, त्यातल्या एखाद्याची नजर तिथे जाते. काळापांढरा फोटो आणि मध्येच एक लाल टिळा, वाळून तपकिरी झालेला. हे कसं केलंत, म्हणून विचारतात, एवढंच रंगीत कसं आलं? काच पुसून घेऊ का, असंही दुकानातल्या मुली विचारतात. मी नको म्हणते. ते कुंकू फोटोत नाही, काचेवर आहे.